हुला, हूल आणि दादाची व्युत्पत्ती

क्लेमेंटी, सिंगापूर
गुरुवार, दुपारचे तीन

वडील बंधू रावसाहेबदादा यांना धाकट्या सुनेत्राचा जयभीम. पत्र सावकाश वाचावे, कारण यात पाल्हाळ आहे आणि तुम्हाला पाल्हाळाचा राग आहे. (मायन्यात अहो-जाहो केलं. पाकिटावर आणि मायन्यात आदर ठेवायचा, आत काय घालायचा तो गोंधळ घालायचा, असं बाबांनीच शिकवलं होतं. आता आत आले.)

दादा, तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ते तुझा नरेश मला दर रविवारी सांगतो. उजवा पाय घरातल्या घरात चालायला लागलाय, उजवा हात अजून रुसलेला आहे आणि बोलणं अजून परत आलेलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. पेपर मात्र पहिल्यासारखाच मास्तरकी नजरेने वाचतोस आणि छपाईची चूक सापडली की डाव्या हाताच्या बोटाने टकटक करून कमलावहिनींना बोलावून दाखवतोस, हेही कळलं. (वहिनींना म्हणावं, चूक बघितल्यासारखं करायचं आणि पुन्हा पोळ्या लाटायला जायचं. मी लहानपणी तेच करायचे.) तू वाचतोस म्हटल्यावर पत्र लिहायला मला जोर आला. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

इकडे सगळे ठीक. अंकुर पहाटे उठून तुआसच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी येतो आणि जेवताना पंप, झडपा आणि व्हाल्व्ह यांच्याबद्दल बोलतो. झडप आणि व्हाल्व्ह एकच ना, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, आई, जेव. जान्हवी वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवते (कुणाच्या ते मी विचारत नाही). आर्या आता अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि वाक्याच्या शेवटी 'ला' असतो. सुरुवातीला मला वाटायचं पोरगी द्वितीयेचा प्रत्यय विसरली नाही, फक्त जागा चुकतेय. तीस वर्षं शाळेत 'स, ला, ते' घोकून घेतलेल्या बाईला असं वाटणारच. नंतर कळलं की हा इथला 'ला' आहे. भाजीवालाही लावतो आणि लिफ्ट दुरुस्त करणाराही लावतो.

तर या आर्याने मला या सगळ्यात लोटलं. मी दिवसभर घरात बसून असते आणि तिच्या शाळेच्या गणवेशाला पुन्हा पुन्हा इस्त्री करते, हे तिला पसंत नव्हतं. आमच्या ब्लॉकजवळ एक कम्युनिटी क्लब आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी वर्ग चालतात. तिने फोनवर माझं नाव घातलं आणि मला सांगितलं, "आजी, फक्त दोन क्लास उरलेत. चेस ऑर हुला. यू डोन्ट नो चेस, ला." बुद्धिबळ येत नाही म्हणून एकोणसत्तराव्या वर्षी मी हवाई बेटांवरचा नाच शिकायला गेले. हे कारण तुलासुद्धा सुचलं नसतं.

वर्गात आम्ही अकराजण. दहा बायका आणि एक मिस्टर टॅन. मिस्टर टॅन पंचवीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. डावीकडे सरकायचं असलं की आधी मान वळवून मागे कुणी येतंय का ते बघून घेतात, त्यामुळे ते नेहमी एक ठेका मागे असतात. शिकवायला डोरीन. वय सत्तर, पाठ ताठ, इथल्याच युरेशियन घरातली. आधी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत टायपिस्ट होती, मग नवऱ्याबरोबर अकरा वर्षं होनोलुलूला राहिली आणि तिथे हे शिकली. गवताचे झगे वगैरे काही नाहीत हं. कापडी घेर असतो, कमरेला इलॅस्टिकच्या चार ओळी. मी पहिल्या दिवशी तो विकत न घेता माझा जांभळा परकर ड्रेसवरून नेसून गेले. कुणाला काही कळलं नाही. दोघींनी तर कुठून घेतला म्हणून विचारलं. (हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. म्हणजे, नरेशला वाचून दाखवू देऊ नकोस.)

पहिल्याच दिवशी डोरीनने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि विचारलं, हुला या शब्दाचा अर्थ कुणाला माहीत आहे का? मिस्टर टॅन म्हणाले, कमरेत फिरवायची रिंग. एक बाई म्हणाली, पर्यटकांसाठीचा कार्यक्रम. डोरीनने दोन्हीला नकारार्थी मान हलवली. दादा, तुला माहीत आहे, वर्गात प्रश्न विचारला गेला आणि कुणी उत्तर देत नसलं की मला बसवत नाही. मी उभी राहिले. पुढचं जे बोलले ते मी बोललेच नाही, माझ्या तोंडून तू बोललास.

मी सांगितलं, आमच्या भाषेत हूल असा शब्द आहे. हुतूतू खेळणारा गडी चढाईला जातो, डावीकडे निघाल्यासारखं दाखवतो आणि उजवीकडच्या गड्याला शिवून परत येतो. याला हूल देणं म्हणतात. या नाचातही कंबर एकीकडे जाते आणि हात दुसरीकडे. तेव्हा जुन्या काळी कोकणातला एखादा खलाशी गलबत भरकटून तिकडे लागला असणार, वाळूत हुतूतू खेळला असणार, आणि तिथल्या लोकांनी ते पाहून नाच बसवला असणार. हे सांगताना मी चढाई करून दाखवली. नगरच्या रेल्वेलाइनपलीकडच्या मैदानात तू जशी करायचास तशीच, एक हात पुढे, एक मागे. मिस्टर टॅननी टाळ्या वाजवल्या. डोरीनने वळून फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. मी घरी येताना दोन केळी जास्त घेतली, इतकी खूश होते.

आणि मग, अर्थातच, मला 'तारांबळ' आठवली.

आठवतं का तुला? बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी घरी येताना एक शब्द घेऊन यायचे. दुसऱ्यांचे वडील भजी आणायचे. आपले बाबा मोरीपाशी हात धूत (ती शाई कधी पूर्ण निघाली नाही) म्हणायचे, "आज एक शब्द आणलाय, कुठून आला सांगा बरं." मी खरंच विचार करायचे. तू विचार केल्यासारखं करायचास. एके दिवशी त्यांनी 'तारांबळ' आणला. तू पापणीही न हलवता म्हणालास, "सोपं आहे. पोस्टातून तार आली की घरातल्या माणसांच्या अंगात बळ राहत नाही, इकडून तिकडे धावतात. तार आणि बळ." तू पंधरा वर्षांचा होतास. बाबांना ते इतकं पटलं की त्यांनी मालकांना सांगितलं, आणि मालकांनी साप्ताहिकात जागा उरली होती तिथे छापून टाकलं. पुढच्या आठवड्यात एका निवृत्त हेडमास्तरांचं चार पानी पत्र आलं. तारा म्हणजे नक्षत्र आणि बळ त्याचं, लग्नातल्या मंगलाष्टकांच्या शेवटी 'ताराबलं चंद्रबलं' म्हणतात आणि तेव्हा मांडवात धावपळ उडते, त्यावरून हा शब्द. आणि आपल्या साप्ताहिकाने ही अडाणी व्युत्पत्ती कुठून पैदा केली, असं बरंच काही. बाबा ते पत्र घरी घेऊन आले. मला वाटलं, आज दादाला मार बसतो. तू भिंतीला पाठ लावून उभा होतास. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पण आपल्याकडे मंगलाष्टकं म्हणतंय कोण? पोराच्या कानावर जे आलं त्यातून त्यानं वाट काढली." मग तुला म्हणाले, "थाप मारलीस ती मारलीस. आता खरं काय ते पाठ कर." तू पाठ केलंस. आणि दुसऱ्या दिवशी 'भंबेरी'ची थाप मारलीस.

असो. इथे माझी तार आणि माझं बळ दोन्ही सुटायची वेळ तीन आठवड्यांनी आली. क्लबच्या पाटीवर कागद लागला की ज्येष्ठांचा नृत्याचा कार्यक्रम शनिवारी सकाळी अकराला, आणि त्याआधी मॅडम सुनेत्रा हुला या शब्दाचा अर्थ आणि उगम यावर दोन मिनिटं बोलतील. मी तो तीनदा वाचला. त्याच दिवशी आर्या शाळेतून आली, बूट काढले आणि माझ्याशी न बोलता खोलीत गेली. मागाहून जान्हवीने सांगितलं. वर्गात प्रत्येकाला घरातली एक खास गोष्ट सांगायची होती. आर्याने उभं राहून सांगितलं की हुला हा मूळ मराठी शब्द आहे, माझ्या आजीने शोधून काढलाय. टीचर भल्या होत्या. त्यांनी तिथेच हवाईयन शब्दकोश उघडून बघितला आणि म्हणाल्या की इथे तर तसं काही दिसत नाही. मग मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, तुझी आजी तुला बनवतेय. सगळा वर्ग हसला.

मी तिच्या खोलीत गेले. ती पाठ करून बसली होती. म्हणाली, "आजी, यू ब्लफ मी."

दादा, हूल या शब्दाचं इतकं नेमकं भाषांतर मी तीस वर्षांच्या नोकरीत ऐकलं नव्हतं. पण ते तिला सांगायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, गंमत केली गं. ती म्हणाली, "मला सांगायचं ना गंमत आहे. आय बिलीव्ह्ड यू." हे 'मला सांगायचं ना' तिने मराठीत म्हटलं. रागावली की तिचं मराठी सुधारतं. पुढचे चार दिवस मला प्रत्येक प्रश्नाला 'ओके' एवढंच उत्तर होतं. 'आजी, भूक लागली' असं नाही. 'आजी, केस बांध' असं नाही. वेणीसुद्धा तिने जान्हवीकडून घालून घेतली. मी तीन वर्षं या घरात आहे, पण त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा पाहुणीसारखं वाटलं.

पाचव्या दिवशी मी डोरीनला हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गाठलं. ती कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की मी त्या दिवशी सांगितलं ते सगळं मनाने रचलेलं होतं, मला क्षमा करा आणि पाटीवरून माझं नाव काढा.

डोरीन म्हणाली, "मला माहीत होतं. मी अकरा वर्षं तिथे होते. बसा."

"मग फळ्यावर कशाला लिहिलंत?"

"बाकी सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमचे हात बोलत होते. मला ते पुसायचं नव्हतं."

मग मी विचारलं, खरा अर्थ काय? ती म्हणाली, "हुला म्हणजे नाच. नाचणे, तेही हुला. एवढंच." दादा, मी खरं सांगते, माझी निराशा झाली. एवढ्या समुद्रापलीकडून आलेला शब्द आणि आत काहीच दडवलेलं नाही. मी म्हटलं, पण हा आला कुठून? ती हसली. म्हणाली, ज्याला विचाराल तो आपल्याच बेटाचं नाव घेतो. ती ज्यांच्याकडे शिकली त्या बाई एक कथा सांगायच्या. ज्वालामुखीची देवी समुद्राकाठी बसली होती. तिने बहिणींना म्हटलं, माझ्यासाठी कुणी नाचेल का? मोठ्या बहिणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सगळ्यात धाकटी उठली आणि नाचली. तोच पहिला हुला. दुसरे लोक दुसरी कथा सांगतात. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, डोरीन म्हणाली, की शब्द आधी येतात. गाणं नसेल तर तो हुला नव्हे, नुसती हालचाल. कंबर बघतात ते पर्यटक. हातांकडे बघायचं. शब्दात पाऊस असला तर हात पाऊस सांगतो, घर असलं तर घर.

मग का कोण जाणे, मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. सांगितलं की माझा भाऊ जगातल्या कुठल्याही शब्दाला जन्मगाव देऊ शकायचा, आणि फेब्रुवारीपासून त्याला 'पाणी' म्हणता येत नाही. तिने माझ्यासाठी एक कोपी मागवली आणि म्हणाली, तुमच्या भाषेत, तुमच्या घरातल्या तीन ओळी लिहून आणा. हात आपण बसवू.

मी रात्रभर जागले वगैरे काही नाही. तिथेच, बिलाच्या पाठीवर लिहिल्या. 'बाबा आले. हात काळे. खिशात एक शब्द.' कविता नाही ती, मला ठाऊक आहे. यमक 'आले-काळे'पर्यंत पोचतं आणि मग दमतं. पण डोरीनने त्याला हात दिले. 'बाबा आले'ला दोन्ही हात लांबून छातीशी येतात. 'हात काळे'ला तळवे वर करून बघायचे, मग पालथे. 'खिशात एक शब्द'ला एक हात कमरेशी जातो, मूठ वर येते आणि समोरच्यापुढे हळूहळू उघडते.

शनिवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत अंकुर, जान्हवी आणि त्यांच्यामध्ये घडी करून ठेवल्यासारखी आर्या. मी माइक हातात घेतला आणि इंग्रजीत सांगितलं (इंग्रजीत मी नेहमी खरं बोलते, खोटं बोलण्याइतकं येत नाही) की मी हुलाचा जो उगम सांगितला तो खोटा होता. हुलाचा अर्थ नाच. उगम ज्या लोकांचा आहे त्यांनी सांगावा, मी नाही. माझ्या नातीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिला वर्गात मान खाली घालावी लागली, त्याबद्दल तिची सगळ्यांसमोर क्षमा मागते. आणि हेही सांगितलं की शब्दांचे खोटे उगम काढायची आमच्या घरात परंपरा आहे. तो माझ्या भावाचा उद्योग. सध्या त्याच्याकडे शब्द येत नाहीत, म्हणून मी तात्पुरतं दुकान सांभाळत होते आणि घोळ करून ठेवला. लोक हसले नाहीत. मिस्टर टॅननी एकट्याने टाळ्या सुरू केल्या, मग थांबले, मग मागे वळून बघून पुन्हा सुरू केल्या, तेव्हा बाकीचे आले.

मग आम्ही नाचलो, आणि शेवटी एकेकाने आपापल्या घरच्या ओळी केल्या (डोरीनने मग सगळ्यांनाच लिहायला लावल्या होत्या). मी माझ्या मोठ्याने म्हटल्या. मराठी कळणारी माणसं त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय तीन. पण मूठ उघडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक चिनी आजी माझ्या तळहातात काय आहे ते बघायला खुर्चीतून पुढे झुकल्या.

घरी चालत येताना आर्या माझ्या बाजूला आली. मग विचारलं, पणजोबांचे हात काळे का? मी शाईचं सांगितलं, खिळ्यांचं सांगितलं, एकेक अक्षर उलटं लावावं लागायचं ते सांगितलं. म्हणाली, खिशात कोणता शब्द होता? मी म्हटलं, रोज वेगळा. ब्लॉकच्या खाली आल्यावर तिने विचारलं, "सो रावसाहेब आजोबा ऑल्सो ब्लफ?" मी म्हटलं, तो मुख्य, मी त्याच्या हाताखाली. तिने माझी पिशवी आपल्या हातात घेतली. "देन ओके, ला," म्हणाली. संध्याकाळी वेणी माझ्याकडून घालून घेतली. आता तिला 'तारांबळ'ची दोन्ही उत्तरं पाठ आहेत आणि कुठलं खरं तेही माहीत आहे. तुझं तिला जास्त आवडतं.

बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. (सहा पानं झाली. पाकिटाला जास्त तिकिटं लागतील.) वहिनींना जयभीम, नरेशला आशीर्वाद. औषधं वेळेवर घे आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलावर डोळे वटारू नकोस, तो घाबरतो म्हणे.

तुझी धाकटी बहीण,
सुनेत्रा

ता. क. वहिनींच्या गुडघ्यांसाठी इथला बाम अंकुरच्या मित्राबरोबर पाठवला आहे. फार झोंबतो. थोडासाच लावायचा.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. नरेशवर रागावू नकोस, मीच त्याच्याकडून काढून घेतलं. रविवारी मी व्हिडिओवर येते तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करतोस. दादा, सोंग मला कळत होतं, तू खरा झोपलास की घोरतोस. आठ महिने मी तुझी पाठ बघतेय. हे पत्र पोचल्यावरच्या पहिल्या रविवारी, तुमच्या सकाळी दहाला, या कुशीवर वळ. बोलायचं नाही. मीही बोलणार नाही (वहिनींचा विश्वास बसणार नाही, पण खरंच नाही). मी त्या तीन ओळी हाताने करीन, तू नुसतं बघ. वाटलं तर डाव्या हाताने काहीतरी सांग. डॉक्टर म्हणतात, तो हात अगदी चांगला आहे.

ता. क. ३. आर्या मागून वाचतेय आणि म्हणतेय, खरं लिही. तर खरं असं की 'आम्ही नाचलो' असं वर लिहिलंय ते तितकंसं बरोबर नाही. मुख्य नाच मला अजून येत नाही. त्या दिवशी मी पूर्ण वेळ मिस्टर टॅनकडे बघून करत होते, म्हणजे त्यांच्याही एक ठेका मागे. येतात त्या फक्त तीन ओळी. रविवारी तेवढंच करीन. तुलाही जेवढं येईल तेवढंच कर.